ड्रममध्ये चालतं, खाडीत बंद पडतं : आउटबोर्ड मशीनची एक तक्रार आणि तुमचा रिपेअरिंगचा धंदा



मागच्या व्हिडिओत आपण देवबागच्या एका तरुणाचं वर्कशॉप बघितलं. वर्कशॉप म्हणजे काय, माडाच्या सावलीत पत्र्याची शेड, मशीन अडकवायला लाकडी घोडा आणि गोड्या पाण्याने भरलेला एक निळा ड्रम. होडीला मागे लावायच्या आउटबोर्ड मशीनची, म्हणजे ओबीएमची, दुरुस्ती तो करतो. व्हिडिओत भांडवल, हत्यारं, गिऱ्हाईक कसं मिळतं हे सगळं सांगितलं, पण शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी जे घडलं ते त्यात घालता आलं नाही. कॅमेरा बंद होता, आणि प्रसंगही जरा अवघड होता. तो आज लिहितोय. ज्यांना या लाइनमध्ये यायचं आहे त्यांनी नीट वाचा. ज्यांना यायचं नाही, म्हणजे मोबाइल, पंप, पिठाची गिरणी, काहीही दुरुस्त करणारे, त्यांनीही वाचा, कारण चूक सगळीकडे सारखीच होते.

सकाळी आठला एक होडीवाला आला. पर्यटकांना संगमावर आणि डॉल्फिन दाखवायला नेणारा. त्याचं 15 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक मशीन आपल्या पोराने तीन आठवड्यांत तीनदा उघडलं होतं. पहिल्यांदा प्लग बदलले, दुसऱ्यांदा कार्ब्युरेटर साफ करून किट टाकलं, तिसऱ्यांदा परत कार्ब्युरेटर. दर वेळी मशीन ड्रममध्ये लावलं, दोरी ओढली, घड्याळासारखं चाललं. दर वेळी होडीवर चढवलं, माणसं बसली, खाडीच्या मध्यावर थ्रॉटल दिला आणि मशीन गुदमरून बंद. आता आपला पठ्ठ्या म्हणत होता की सीडीआय युनिट गेलं असणार, सात-आठ हजार खर्च येईल.

होडीवाला शांत माणूस होता. तो एवढंच म्हणाला, "तुज्या ड्रमात चलता रे, पण माजी माणसा काय ड्रमात बसतत?"

मित्रांनो, हा प्रश्न मला त्या पोरापेक्षा जास्त लागला. कारण सर्व्हिसचं पॅकेज कर, प्लग आणि कार्ब्युरेटर एकत्र लाव, बिल मोठं होतं, हा सल्ला त्याला मीच दिला होता.

ड्रम खोटं का बोलतो

आधी हे समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं जातं.

ड्रममध्ये मशीन न्यूट्रलला, स्लोवर चालतं. त्याला कुणालाही ढकलायचं नसतं. 15 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक मशीन पूर्ण थ्रॉटलवर तासाला सहा-सात लिटरच्या आसपास पेट्रोल पितं. स्लोवर त्याला जेमतेम घोट-घोट लागतं. म्हणजे पेट्रोलच्या वाटेत कुठेतरी निम्मा अडथळा असला तरी ड्रममध्ये त्याचा पत्ता लागत नाही. घरातला नळ बघा. बारीक धार सोडली तर कचरा अडकलेली पाइपसुद्धा चांगली वाटते, बादली भरायला घेतली की कळतं.

कार्ब्युरेटरचंही तसंच. स्लोसाठी वेगळी वाट असते आणि रेससाठी मेन जेट असतो. मेन जेट अर्धा बुजलेला असला तरी स्लोवर मशीन मस्त चालेल.

ठिणगीचंही तेच. थ्रॉटल उघडला की सिलिंडरमध्ये जास्त हवा जाते, दाब वाढतो, आणि त्या दाबात प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. अशक्त कॉईल स्लोवर काम करते आणि लोडवर हात टेकते.

थोडक्यात, "लोड घेत नाही" ही तक्रार लोडशिवाय तपासताच येत नाही. आपल्या पोराने तीन वेळा एका खोलीत हरवलेली किल्ली दुसऱ्या खोलीत शोधली. तिथे उजेड होता म्हणून.

झाकण उघडायच्या आधीचे प्रश्न

डॉक्टर स्टेथोस्कोप लावायच्या आधी विचारतो ना, तसं. होडीवाल्याला चहा द्या आणि विचारा: मशीन बंद कसं पडतं?

खटकन बंद पडतं, दिव्याचं बटण दाबल्यासारखं? तर आधी विजेकडे बघा. किल स्विच आणि त्याची दोरी, खारवलेली वायर, सैल कनेक्शन. समुद्रावर हिरवट गंज चढलेलं एक कनेक्शन मोठमोठ्या मशीनला झोपवतं.

हळूहळू दम लागल्यासारखं, मध्येच उचल खाऊन परत बसत बंद पडतं? बहुतेक वेळा पेट्रोल पोचत नाहीये.

पहिली दहा-पंधरा मिनिटं उत्तम आणि मग बंद, थोडं थांबलं की परत चालू? इथे दोन वाटा आहेत. एक, कॉईल किंवा सीडीआय तापल्यावर दगा देतंय. दुसरी वाट इतकी साधी आहे की सांगायला लाज वाटते: टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिलाय. पेट्रोल बाहेर जातं, आत हवा येत नाही, टाकीत ओढ तयार होते आणि मशीन उपाशी मरतं. झाकण सैल केल्यावर 'फुस्स' आवाज आला तर समजा सापडलं. या एका स्क्रूने किती लोकांचे कार्ब्युरेटर उगाच उघडले गेले असतील देव जाणे.

बंद पडत नाही, पण जोरच येत नाही? दोन सिलिंडरपैकी एक चालत नसेल, नाहीतर ओझं जास्त आहे. ओझ्याचं बोलू पुढे.

आणि एक प्रश्न हमखास विचारा: शेवटचं काय बदललं? नवी टाकी, नवा पंखा, दुसऱ्या पंपावरचं पेट्रोल, दुसरं ऑइल? आपल्या होडीवाल्याने सांगितलं, "सीझन सुरू झाल्यापासूनच होता असा." म्हणजे पावसाळ्याच्या बंदीनंतर. हे वाक्य तो पहिल्या दिवशीही बोलला असता. विचारलंच नव्हतं.

बल्बवर हात

त्या दिवशी अडलेली गाडी पुढे नेली ती पोराच्या काकांनी. त्यांनी उभं आयुष्य मशीनवर काढलंय, पण धंदा कधी केला नाही. ते शेडच्या कोपऱ्यात जाळं विणत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "होडीर चढ आनि बल्बार हात ठेव."

टाकीपासून मशीनपर्यंत जाणाऱ्या नळीत एक रबरी फुगा असतो, तो प्रायमर बल्ब. सुरू करण्याआधी तो दाबून कार्ब्युरेटर भरतात. बहुतेकांना त्याचा एवढाच उपयोग माहीत असतो. पण लोडवर मशीन चालू असताना हा बल्ब तुमचा नाडीपरीक्षक आहे.

आम्ही चौघे गेलो. होडीवाला सुकाणूवर, पोरगा मशीनपाशी, मी आणि काका वजनाला. भरतीची वेळ, कर्लीची खाडी शांत. लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगावर, किल स्विचची दोरी होडीवाल्याच्या मनगटात. ही दोन कामं न करता लोड टेस्टला कधीही जाऊ नका, आणि संगमाच्या तोंडाशी तर नाहीच. जिथे लाटा फुटतात तिथे बंद पडलेलं मशीन म्हणजे आडवी होडी, आणि पुढचं सांगायला नको. होडीवाला गेले तीन आठवडे पर्यटक घेऊन तिथपर्यंत जायचं टाळत होता. भाडं बुडत होतं ते याच्यामुळे.

थ्रॉटल दिला. अर्धा मिनिट बरं चाललं, मग दम लागायला लागला. पोराने बल्ब दाबला. मशीनने उचल घेतली! परत दाबला, परत उचललं. तिसऱ्यांदा दाबायला गेला तर बल्ब चपटाच. फुगतच नव्हता, हळूहळू वर येत होता.

आता याचा अर्थ काय? हा भाग वहीत लिहून ठेवा.

बल्ब दाबल्यावर मशीन सुधारलं म्हणजे विजेचा, कॉम्प्रेशनचा प्रश्न बहुधा नाही, पेट्रोल कमी पडतंय. तुमचा हात पंपाचं काम करतोय. बल्ब चपटा होऊन राहतोय म्हणजे अडथळा बल्बच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे: हवेचा स्क्रू, टाकीतल्या नळीच्या टोकाची जाळी, किंवा टाकी ते बल्ब ही नळी. बल्ब भरलेला आहे, दाबल्यावर मशीन सुधारतंय, तर बल्बच्या पुढे बघा: मशीनवरचा फिल्टर, आणि मशीनचा पेट्रोल पंप. या पंपात पातळ पडदा असतो, तो क्रँककेसच्या दाबाच्या ठोक्यांवर हलतो. पडदा कडक झाला किंवा त्याला सुईएवढं भोक पडलं की स्लोपुरतं पेट्रोल येतं आणि रेसपुरतं येत नाही. बल्ब टणक आहे, दाबूनही काही फरक नाही, तर मेन जेट किंवा ठिणगी. आणि कितीही दाबलं तरी बल्ब टणकच होत नसेल तर कुठून तरी हवा ओढली जातेय, बहुतेक वेळा कनेक्टरच्या छोट्या ओ-रिंगमधून, नाहीतर बल्बमधला व्हॉल्व्ह गेलाय.

हवा ओढली जातेय का हे डोळ्यांनी बघायचं असेल तर पेट्रोलला चालणाऱ्या पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा तात्पुरता मध्ये जोडा. बुडबुडे दिसले की झालं. असा तुकडा खिशात ठेवणारा मिस्त्री मला फार आवडतो.

अजून एक साधी चाचणी आहे चोकची. दम लागायला लागला की चोक किंचित ओढून बघा. सुधारलं तर मिश्रणात पेट्रोल कमी आहे. आणखी बिघडलं तर पेट्रोल आधीच भरपूर आहे, दुसरीकडे शोधा.

उसनी टाकी

होडीवाल्याने हवेचा स्क्रू दाखवला. उघडा होता. मग काकांनी शेजारच्या होडीवाल्याला हाक मारली आणि त्याची टाकी नळीसकट उसनी घेतली. जोडली. मशीन खाडीभर सुसाट! माणसं तीच, मशीन तेच, प्लग तेच, आणि ते 'गेलेलं' सीडीआयसुद्धा तेच.

पोराचा चेहरा बघण्यासारखा होता. सात-आठ हजारांचं निदान पाच मिनिटांत पाण्यात गेलं होतं.

आता टाकी की नळी? उसनी टाकी, आपली नळी: बंद. आपली टाकी, उसनी नळी: चालू. झालं. नळी.

धक्क्यावर येऊन नळी हातात घेतली. बाहेरून चांगली दिसत होती, चीर नाही, वळ नाही. काकांनी कोयतीने टाकी आणि बल्बमधला भाग उभा कापला. आतलं अस्तर बाहेरच्या रबरापासून सुटून मऊ पडलं होतं. पेट्रोल हळू ओढलं की ते बाजूला राहायचं, जोरात ओढलं की आतल्या आत मिटून वाट बंद करायचं. स्लोवर चालू, लोडवर बंद. तीन आठवड्यांचं कोडं वीतभर रबरात होतं.

असं का होतं? जुनी किंवा हलकी नळी इथेनॉलला टिकत नाही. आपल्याकडे आता पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल काही प्रकारच्या रबराला फुगवतं, मऊ करतं. त्यात ही नळी पावसाळाभर टाकीला तशीच जोडून पडली होती. नवी घेताना इथेनॉलला चालणारी, बोटीसाठीचीच मागा. बाइकच्या दुकानातली पातळ नळी लावून दहा-वीस रुपये वाचवू नका.

इथेनॉलची दुसरी खोड म्हणजे ते पाणी ओढून घेतं. किनाऱ्यावरची दमट हवा, अर्धी रिकामी टाकी, दोन महिने बंद. पाणी पुरेसं झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतात, आणि मशीनची नळी नेमकी तळातूनच ओढते. संशय आला तर टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन तासभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल मशीनला दाखवूसुद्धा नका. टू-स्ट्रोक असेल तर आणखी एक धोका: ऑइल वरच्या पेट्रोलच्या थरात राहतं, आणि तळातलं बिनऑइलचं पाणी मशीनमध्ये जातं. मशीन नुसतं बंद पडलं तर नशीब म्हणायचं.

पेट्रोल ठीक असेल तेव्हा

सगळ्याच केसेस नळीवर सुटत नाहीत. उसन्या टाकीवरही मशीन बंद पडलं तर पुढे जायचं, पण क्रमाने.

ठिणगीसाठी सगळ्यात उपयोगी हत्यार म्हणजे टायमिंग लाइट. प्लगच्या वायरला चिमटा लावा आणि लोडवर चालवा. मशीन मरायच्या आधी लाइटची उघडझाप तुटली तर वीज. मशीन मरतंय तरी लाइट शेवटपर्यंत मारतोय तर वीज ठीक आहे. यात अंदाज नाही, दिसतं. दोन सिलिंडर असतील तर दोन्ही वायर बघा. प्लगची कॅप काढून तशीच हवेत सोडू नका, सीडीआयला ते सोसत नाही. स्पार्क टेस्टर लावून आर्थिंग द्या.

कॉम्प्रेशन गेजने दोन्ही सिलिंडर बघा. आकड्यापेक्षा दोघांतला फरक महत्त्वाचा. 10 टक्क्यांपेक्षा फार जास्त फरक असेल तर रिंग, सिलिंडर, हेड गॅस्केट असं मोठं काम आहे, आणि ते गिऱ्हाइकाला लगेच सांगा.

पाण्याची धार बघा. मशीनच्या मागून बारीक पिचकारी उडत असते, ती थंड करणाऱ्या पाण्याची खूण. धार नाही किंवा गरम वाफाळतेय तर इम्पेलर झिजलाय, नाहीतर मीठ-वाळूने वाट बुजलीय. तापलेलं मशीन लोडवर आवळतं. अशा वेळी थ्रॉटल देऊन 'बघूया' म्हणणारा मिस्त्री पिस्टन विकत घेतो.

मग राहतं ओझं. हा भाग होडीवाल्यांना ऐकायला आवडत नाही. मशीन निरोगी असतं, काम जास्त असतं. पंख्याच्या दांड्याला नायलॉनचा तंगूस किंवा जाळ्याचा तुकडा गुंडाळलेला असतो, तो पंखा काढल्याशिवाय दिसत नाही. होडीच्या तळाला शिंपले-काकई धरलेली असते. कुणीतरी स्पीड वाढेल म्हणून जास्त पिचचा पंखा लावलेला असतो. बऱ्याच लहान टू-स्ट्रोक मशीनला पूर्ण थ्रॉटलवर, नेहमीचं वजन घेऊन 4,500 ते 5,500 आरपीएम मिळायला हवेत. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असतो. तेवढे मिळत नसतील तर पंखा जड आहे. पिच एक इंचाने कमी केला की साधारण 150 ते 200 आरपीएम वाढतात. वायरला चिमटा लावून चालणारा टॅकोमीटर फार महाग नसतो, आणि तो नसेल तर पंख्याबद्दल बोलूच नका.

आणि परवान्यापेक्षा जास्त माणसं बसवली म्हणून मशीन दम तोडत असेल तर त्याला दुरुस्ती नाही. ते काम घेऊ नका. तसं तोंडावर सांगा.

बिलाचं काय झालं

आता त्या अवघड प्रसंगाकडे येतो.

प्लग, किट आणि तीन वेळची मजुरी मिळून पोराने 2,800 रुपये घेतले होते. नवी नळी बल्बसकट हजाराच्या आत-बाहेर. होडीवाल्याने नळीचे पैसे काढून दिले आणि तसाच उभा राहिला. काही बोलला नाही. तुम्हाला माहीत असेल, गावात असं उभं राहणं म्हणजे काय.

मी पोराला बाजूला घेऊन म्हटलं, मजुरी पूर्ण परत दे. तो म्हणाला, "सर, मी काम तर केलं ना? कार्ब्युरेटरात घाण होतीच." खोटं नव्हतं त्याचं. प्लगही काळे होते. पण होडीवाला प्लग बदलायला आला नव्हता. होडी चालावी म्हणून आला होता. शेवटी प्लग आणि किटचे पैसे पोराने ठेवले, मजुरीतली निम्मी परत केली. होडीवाल्याने मोजून खिशात टाकली आणि "बरा" म्हणून गेला. मला आजही वाटतं पूर्ण द्यायला हवी होती. पोराला वाटतं निम्मीही जास्त होती. तुम्ही तुमचं ठरवा.

माझ्या सल्ल्याचीही दुरुस्ती करतो. पॅकेज सर्व्हिस ही ठीक असलेल्या मशीनसाठी, सीझनच्या आधी. तक्रार घेऊन आलेल्या मशीनला पॅकेज लावायचं नाही. तिथे आधी तपासणी, तिचे वेगळे पैसे, आणि सुटा भाग त्यानंतर. लोक तपासणीचे पैसे देत नाहीत असं तुम्ही म्हणाल. सुरुवातीला देत नाहीत, खरंय. पण त्यांच्यासमोर, त्यांच्याच होडीत, उसनी टाकी लावून दाखवलं की देतात. कारण त्यांनी निदान डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

पोराने आता काय केलंय ते सांगतो. एक 12 लिटरची टाकी आणि चांगली नळी फक्त टेस्टसाठी ठेवलीय. ती विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, तिच्यात नेहमी ताजं पेट्रोल. टू-स्ट्रोकसाठी 50 ला 1, म्हणजे लिटरला 20 मिली ऑइल घातलेलं, आणि ऑइल टीसी-डब्ल्यू3 दर्जाचं, बाइकचं नाही. जुन्या मॉडेलला प्रमाण वेगळं असू शकतं, म्हणून मशीनवरची पट्टी वाचून मगच. फोर-स्ट्रोक आलं तर साध्या पेट्रोलची छोटी टाकी वेगळी. त्याच्या सगळ्या हत्यारांत मला ही टाकी सगळ्यात कामाची वाटते. या एका वस्तूने अर्ध्या तक्रारी दहा मिनिटांत 'मशीनची' की 'टाकीची' हे कळतं.

जॉब कार्डही बदललंय. पूर्वी त्यावर 'सर्व्हिस केली' एवढंच असायचं. आता बंद कसं पडतं, किती वेळाने, बल्ब कसा होता, उसन्या टाकीवर काय झालं, दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, पूर्ण थ्रॉटलवर आरपीएम किती, अशा ओळी आहेत आणि शेवटी गिऱ्हाइकाची सही. पुढच्या वेळी तेच मशीन आलं की जुना आकडा समोर असतो.

सीझनचंही गणित मांडा. आपल्या किनाऱ्यावर यंत्रचलित मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते, पावसाळ्यात पर्यटनाच्या होड्याही ओढून ठेवतात. मग सगळी मशीनं जवळजवळ एकाच आठवड्यात पाण्यात उतरतात आणि सगळ्यांच्या तक्रारी एकदम येतात: बुजलेले जेट, पाणी झालेलं पेट्रोल, कडक पडदे. त्या गर्दीत तुम्ही नीट तपासूच शकत नाही. म्हणून काम मेअखेर उचला. मशीन गोड्या पाण्यावर धुऊन, कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत चालवून, टाकी रिकामी करून, नळी काढून सावलीत टांगून ठेवायची. गिअर ऑइल दुधाळ दिसलं तर सील गेलं, ते बंदीतच करून टाका. जुलैअखेर एकदा लोड टेस्ट. हे दोन वेळचं काम ठरलेल्या दरात बांधून घ्या. पॅकेज लावायची जागा ही. तापोळ्यासारख्या धरणाच्या पाण्यावर होड्या चालतात तिथेही हेच गणित थोड्या फरकाने बसतं. तिथे मीठ नसतं, एवढाच दिलासा.

लोड टेस्टला दर वेळी खाडीत जायची गरज नाही. खोल पाण्यात, होडी मागून जाड दोराने धक्क्याला बांधून, गिअर टाकून थ्रॉटल देता येतो. पंख्याच्या मागे कुणी नको, सैल दोर कुठे लोंबकळायला नको, आणि मिनिट-दोन मिनिटांपेक्षा जास्त नको, कारण जागच्या जागी ओढताना मशीनवर नेहमीपेक्षा जास्त भार येतो. दहा मिनिटांनी बंद पडणाऱ्या मशीनला मात्र हे चालत नाही, त्याच्यासोबत जावंच लागतं. एकट्याने जाऊ नका. आपला पोरगा आता होडीवाल्याला सोबत घेतल्याशिवाय निघत नाही. टेस्टचं पेट्रोल गिऱ्हाइकाचं, आणि हे तो मशीन घोड्यावर अडकवायच्या आधीच सांगतो.